वूव्रेची वाइन, मुळशीचा भात

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगणारे एक प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसापासून होणाऱ्या पेयाला ‘मधु’ म्हटले असून त्याची कापिशायन आणि हारहूरक अशी नावे दिली आहेत. ही नावे फळाची नाहीत, प्रदेशांची आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. द्राक्षाचे पेय त्याच्या भूमीच्या नावाने ओळखावे ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. पुढे आपण ती विसरलो. फ्रान्सने मात्र विसाव्या शतकात तिचा कायदा केला.

प्रस्तुत लेखात फ्रान्समधील वूव्रे या पांढऱ्या वाइनचा आणि तिच्याबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांचा परिचय करून द्यायचा आहे. मद्यपानाचा प्रचार हा या लेखाचा हेतू नाही. महाराष्ट्रात २१ वर्षांखालील व्यक्तीला कोणतेही मद्य विकता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालापासून मद्ययुक्त पेयांना कर्करोगकारक ठरवलेले आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या वाचकांना ठाऊक असाव्यात. परंतु एखाद्या समाजाचे अन्न, त्याचे पेय आणि त्याची जमीन यांचे नाते कसे जुळते, हा मानवी भूगोलाचा आणि संस्कृतीच्या अभ्यासाचा विषय आहे. तो आपल्या मुळशी तालुक्यालाही लागू पडतो, हे लेखाच्या उत्तरार्धात दिसेल.

वाइन म्हणजे काय?

आपल्या बोलण्यात ‘दारू’ हा एकच शब्द सर्व मादक पेयांना चालतो. शास्त्रीय दृष्ट्या त्यांत भेद आहे. ब्रँडी, रम, हातभट्टी ही पेये आंबवलेला रस तापवून, त्याची वाफ थंड करून काढतात. वाइनमध्ये ऊर्ध्वपातनाची ही क्रिया नसते. द्राक्षरसातील साखरेवर यीस्ट हे सूक्ष्मजीव काम करतात व तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात, एवढीच ती प्रक्रिया. आयुर्वेदातील द्राक्षासव याच जातीचे. वूव्रेसारख्या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण १२ ते १३ टक्के असते.

लाल वाइन करताना रस द्राक्षाच्या सालींसह आंबवतात. त्यामुळे तिला रंग आणि तुरटपणा येतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी पिळून साली बाजूला काढतात व नुसता रस आंबवतात. म्हणून पांढऱ्या वाइनमध्ये तुरटपणा जवळजवळ नसतो. तिचा कणा असतो आंबटपणा. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावर उभे आहे.

वूव्रेची भूमी

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिची लांबी सुमारे १,००० किलोमीटर आहे. तिच्या मधल्या टप्प्यात तूरेन नावाचा प्रांत लागतो. त्याचे मुख्य शहर तूर. कादंबरीकार बाल्झाकचा जन्म १७९९ साली याच शहरात झाला. शहराच्या पूर्वेला, नदीच्या उजव्या काठावर वूव्रे हे गाव आहे.

येथील खडक ‘तूफो’ नावाच्या मऊ, पांढऱ्या चुनखडीचा आहे. ल्वारच्या काठचे प्रसिद्ध राजवाडे याच दगडाने बांधलेले आहेत. दगड काढून झाल्यावर टेकड्यांच्या पोटात लांबच लांब पोकळ्या उरल्या. लोकांनी त्यांत घरे केली आणि वाइनची तळघरे केली. उन्हाळा असो वा हिवाळा, आतले तापमान फारसे हलत नाही. आपल्या शेजारच्या मावळात कार्ले-भाजे येथे कठीण बेसॉल्ट फोडून लेणी कोरली गेली ती धर्मासाठी. तूरेनमध्ये खडक मऊ असल्याने तो पोटापाण्यासाठी कोरला गेला.

या भूमीवर जे द्राक्ष पिकते त्याचे नाव शेनिन ब्लां. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि पिकल्यावरही आपला आंबटपणा सोडत नाही. एकाच वेलीवरचे घड एकदम तयार होत नाहीत, म्हणून गोड वाइनसाठी मजूर त्याच बागेतून दोन-तीन वेळा फिरून पिकतील तसे घड काढतात. वूव्रे ४७ अक्षांशावर असल्याने थंडी लवकर येते. हंगाम कधी सप्टेंबरअखेर सुरू होतो, तर कधी नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो.

एका द्राक्षाच्या चार तऱ्हा

त्या वर्षीचे हवामान जसे असेल तशी वाइन होते. गार वर्षी द्राक्षात साखर कमी भरते. मग रसातली जवळजवळ सर्व साखर आंबून जाते व ‘सेक’ म्हणजे कोरडी वाइन मिळते. येथे ‘कोरडी’ याचा अर्थ गोडी न उरलेली. बऱ्यापैकी ऊन मिळालेल्या वर्षी थोडी साखर शिल्लक ठेवतात. ती ‘दमी-सेक’, म्हणजे अर्धी कोरडी. शरद ऋतू उबदार आणि लांब असला तर द्राक्षांवर एक प्रकारची बुरशी चढते. ही बुरशी फळ नासवत नाही. ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, त्यातून पाणी उडून जाते आणि आतला रस मधासारखा दाट होतो. त्यापासून होणारी गोड वाइन ‘म्वालो’ म्हणून ओळखली जाते. चौथी तऱ्हा फसफसणाऱ्या वाइनची. तिच्यात बाटलीतच दुसऱ्यांदा किण्वन घडवतात व वायू आत कोंडून ठेवतात.

एकाच गावाच्या, एकाच द्राक्षाच्या या चार वाइन्स. गोड वूव्रे चांगल्या वर्षाची असेल तर कित्येक दशके टिकते. याचे कारण तिची गोडी जितके आहे तितकाच तिच्या पोटात असलेला आंबटपणाही आहे.

तिच्याबरोबरचे अन्न

वाइन आणि अन्न यांची जोडी लावताना फ्रेंच माणूस पहिल्याने आपल्या आसपास पाहतो. जे एका मातीत वाढले ते एका ताटात शोभते, असा तेथील जुना समज आहे. वूव्रेच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरतो.

ल्वार नदीत मिळणारे गोड्या पाण्यातले मासे लोणी, बारीक कांदा आणि सिरका यांच्या पांढऱ्या सारात वाढतात. त्यांच्याबरोबर कोरडी वूव्रे घेतात. तूरेनमध्ये शेळीच्या दुधाचे ‘सेंत मोर’ नावाचे चीज होते. ते लांबट दंडगोलाच्या आकाराचे असते, त्यावर राख चोळलेली असते आणि मधून राय धान्याची काडी आरपार घातलेली असते. या खारट-आंबट चीजबरोबरही कोरडी वूव्रेच. तूरचा तिसरा प्रसिद्ध पदार्थ ‘रियेत’. डुकराचे मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून ते मऊ करतात व पावावर फासून खातात. बाल्झाकच्या ‘दरीतील लिली’ अशा अर्थाच्या नावाच्या कादंबरीत शाळकरी नायकाला सोबत्यांच्या डब्यातल्या या पदार्थाची आस लागलेली दाखवली आहे. चरबीने जड झालेल्या जिभेला कोरडी किंवा फसफसणारी वूव्रे मोकळे करते. मलईच्या रश्शातल्या कोंबडीबरोबर दमी-सेक जुळते आणि सफरचंदाच्या भाजलेल्या गोड पदार्थाबरोबर म्वालो.

यामागची कारणे चार वाक्यांत सांगता येतील. आंबटाने तोंडाला लाळ सुटते आणि स्निग्ध पदार्थाचा थर धुऊन निघतो. मिठामुळे आंबटपणा सौम्य भासतो. तिखटाची आग मद्यार्काने वाढते, पण थोड्या गोडीने कमी होते. आणि पेय हे अन्नापेक्षा किंचित जास्त आंबट वा जास्त गोड असावे लागते, नाही तर ते अन्नापुढे पाणचट लागते. लाल वाइन माशाबरोबर बहुधा टाळतात ती यासाठी की अनेकदा त्या जोडीतून जिभेवर धातूसारखी चव उतरते.

आपल्या ताटातील आंबट

ही कारणे वाचताना आपल्या पानाची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. मिठाशेजारी लिंबाची फोड, डाव्या बाजूला लोणचे, चटणी आणि कोशिंबीर, आमटीत चिंच किंवा आमसूल, शेवटी ताकभात. कोकणात सोलकढी. तळणीचा पदार्थ, वरण-भातावरचे तूप, पुरणपोळीवरची धार यांना तोल देण्याचे काम हे आंबट करते. फ्रेंच जेवणात ते काम बऱ्याच अंशी पेल्यातली पांढरी वाइन करते. आपण ते पानातच करून घेतले आहे.

हे साम्य नुसते कल्पनेतले नाही. द्राक्षातील मुख्य आम्ल टार्टारिक आम्ल होय, आणि चिंचेचे मुख्य आम्लही तेच. वूव्रेचा पेला आणि आमटीतला चिंचेचा कोळ हे रसायनाच्या दृष्टीने सख्खे नातेवाईक ठरतात. म्हणूनच महाराष्ट्रीय जेवणाबरोबर वाइन ‘जुळत नाही’ असे जे सरसकट म्हटले जाते त्याचे खरे कारण वेगळे आहे. आपले जेवण रांगडे आहे म्हणून ती जुळत नाही असे नव्हे. तिची जागा आपल्या पानात आधीच भरलेली आहे. ज्याला वाइनला स्पर्शही करायचा नाही, त्यालाही वूव्रेच्या अभ्यासातून लिंबाच्या फोडीची योग्यता कळते.

शेनिन महाराष्ट्रात

शेनिन ब्लां हे द्राक्ष आता आपल्या राज्यात चांगले रुजले आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात ‘शातो इंडाज’ या कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी पाठवली. पुढे ती कंपनी बंद पडली. नाशिकजवळ ‘सुला’ने २००० साली शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षांच्या वाइन्स बाजारात आणल्या. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने उभी राहिली.

वेल तीच असली तरी भूमी बदलली की तिचा दिनक्रमच बदलतो. वूव्रेत बर्फाळ हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. नाशिक २० अक्षांशावर. येथे वेल झोपत नाही. म्हणून आपले बागाईतदार दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. फळ पिकते ते जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसाच्या उन्हाने साखर लवकर चढते, आंबटपणा लवकर उतरतो. त्यामुळे नाशिकचे शेनिन वूव्रेपेक्षा मऊ, फळाच्या वासाचे आणि पुष्कळदा किंचित गोड असते. थोडी गोडी असल्याने ते तिखट जेवणाला वूव्रेच्या कोरड्या वाइनपेक्षा अधिक सोसते. तिला ‘भारतीय वूव्रे’ म्हणण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेत हेच द्राक्ष ‘स्टीन’ नावाने नांदले आणि आज त्याची लागवड तेथे फ्रान्सपेक्षाही अधिक आहे.

या व्यवसायाला आपल्याकडे विरोधही आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा राज्यभर मोठा वाद उठला. द्राक्ष बागाईतदाराचे हित एका बाजूला आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा अनुभव दुसऱ्या बाजूला, असा तो पेच आहे. खेड्यातल्या बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवून आणले, हा आपल्याच राज्याचा इतिहास आहे. वाइनच्या संस्कृतीचे कौतुक करताना त्याचा विसर पडू नये.

मुळशीचे ताट

आता आपल्या तालुक्याकडे वळू. मुळशीत द्राक्षबाग होणे कठीण. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा ताम्हिणीचा पाऊस द्राक्षवेल सोसणार नाही. ही भूमी भाताची. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे, जलाशयातले रोहू-कटला, कुर्डू, भारंगी, कर्टोली अशा रानभाज्या, आणि सणासुदीला आंबेमोहर भात, असे येथील अन्न.

वर सांगितलेले नियम या अन्नाला लावून पाहणे हा चांगला अभ्यास आहे. तव्यावर तळलेल्या माशाबरोबर कोरडी वूव्रे शोभेल, कारण तेथे ती लिंबाचेच काम करते. खेकड्याच्या तिखट रश्शाला कोरडी वाइन आग लावील. तेथे किंचित गोडी असलेली दमी-सेक किंवा नाशिकचे शेनिन हवे. भारंगीच्या कडवट भाजीशी कोणतीही आंबट वाइन भांडेल. ताकाची कढी आणि चिंचेची आमटी यांच्यापुढे ती फिकी पडेल. जायफळ घातलेल्या खरवसाशी म्वालोची मैत्री होऊ शकेल, पण गुळाच्या पुरणपोळीपुढे तिची गोडी टिकणार नाही.

उरला आंबेमोहर. आखूड दाण्याचा, शिजल्यावर मऊ आणि किंचित चिकट होणारा हा तांदूळ आंब्याच्या मोहरासारखा दरवळतो, म्हणून त्याचे हे नाव. नैवेद्याला तो, आजाऱ्याच्या आणि लेकराच्या पेजेला तो. मेतकूट, तूप आणि लिंबाचे दोन थेंब यांपलीकडे त्याला काही लागत नाही. त्याचा वास इतका नाजूक आहे की सुगंधी वाइन त्याला झाकून टाकील. येथे वूव्रेने अदबीने बाजूला उभे राहावे हेच बरे.

नावाचे रक्षण

मात्र वूव्रेपासून आंबेमोहराने घेण्यासारखी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. वाइनचा तुटवडा पडला आणि भेसळ बोकाळली. कुठल्याही रसाला कुठल्याही गावाचे नाव लागू लागले. त्याविरुद्ध शेतकरी झगडले, कायदे झाले, आणि १९३५ साली नियंत्रित मूळस्थान-नावांची व्यवस्था उभी राहिली. १९३६ मध्ये वूव्रेला ते संरक्षण मिळाले. कोणत्या गावांच्या शिवारात, कोणते द्राक्ष, हेक्टरी किती उत्पादनापर्यंत घेतले तर वूव्रे म्हणता येईल, हे सारे ठरले. नदीच्या पलीकडच्या काठावरील मोंलुई गावात द्राक्ष तेच, चुनखडी तीच. पूर्वी तेथली वाइनही वूव्रे म्हणून विकली जाई. कायद्यानंतर ते बंद झाले, आणि १९३८ मध्ये मोंलुईला स्वतःच्या नावाने वेगळी ओळख घ्यावी लागली.

भारतात भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ची नोंद २०१०-११ च्या सुमारास झाली, तर आंबेमोहर तांदळाची २०१६ मध्ये. म्हणजे नाव नोंदले गेले आहे. पण बाजारात आंबेमोहरासारखे दिसणारे, परप्रांतातून येणारे तांदूळ अजून त्याच नावाने विकले जातात. खरा आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि उतारा कमी देतो. म्हणून शेतकरी इंद्रायणीकडे वळले. हा वाणही आंबेमोहराच्याच संकरातून मावळात तयार झाला आहे. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. कमी पिकणाऱ्या पण खऱ्या धान्याला जादा भाव मिळण्याची हमी वूव्रेच्या बागाईतदाराला त्याचा कायदा आणि त्याचे जाणकार गिऱ्हाईक देते. ती हमी मुळशीच्या शेतकऱ्याला मिळालेली नाही.

शिवाय मुळशीने नावाआधी जमीन गमावली आहे. मुंबईच्या विजेसाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने झटले. लढा १९२४ पर्यंत चालला, आणि हरला. खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली. योगायोग असा की फ्रान्समधील शेतकरी आपल्या शिवाराचे नाव कायद्यात बसवण्यासाठी झगडत होते, त्याच काळात आपल्याकडचे शेतकरी ते शिवारच वाचवण्यासाठी तुरुंगात जात होते. वूव्रेची उतरण आजही द्राक्षांची आहे. मुळशीच्या उरलेल्या उतरणींवर बंगले आणि फार्महाऊसे चढली आहेत, आणि याच तालुक्यातले हिंजवडी आता भातासाठी नव्हे तर संगणकासाठी ओळखले जाते.

समारोप

तात्पर्य, वाइनची जोडी कशाशी लावावी हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. खोलात गेले तर तो जमिनीचा प्रश्न निघतो. फ्रेंच लोक ज्याला ‘तेरवार’ म्हणतात, त्यात माती, हवा, उतार आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांचे ज्ञान एवढे सगळे येते. आपल्याकडे त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. ‘हे आमच्या खाचराचे तांदूळ’ असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात तो अर्थ पुरेपूर आहे.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी याच खोऱ्यातून येतात. भूगोल, इतिहास आणि मराठी या तिन्ही विभागांनी मिळून एक काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावी जाऊन भाताच्या जुन्या वाणांची नावे, खाचरांची नावे, कोणता तांदूळ कोणत्या सणाला आणि कशाबरोबर खात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणावे. बुडालेल्या गावांच्या वंशजांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेले आधी लिहावे, कारण सांगणारे आता थोडे उरले आहेत. वूव्रेचा कायदा पुढे झाला. त्याआधी कोणत्या उतारावर काय पिकते आणि ते कशाबरोबर खायचे, हे तेथील लोकांना पक्के ठाऊक होते. आपल्याला निदान तेवढी वही तरी भरून ठेवता येईल.